काटेरी हलवा आणि फोटोचा कॅमेरा

आमच्या घरात माझी एक आरोळी फार प्रसिद्ध आहे. "श्वास रोखा!" योगासनांशी तिचा काही संबंध नाही. तेवढी शिस्त माझ्यात असती तर पोट असं पुढे आलं नसतं. हातात कॅमेरा आला की ही आरोळी तोंडातून आपोआप निघते. बारसं, मुंज, साखरपुडा, केळवण, जिथे म्हणून चार नातेवाईक ओळीत उभे राहतात, तिथे गेली तीस वर्षं मी त्यांच्यासमोर एक डोळा मिटून उभा आहे. पूर्वी रीळ असायचं, छत्तीस फोटोंचं. एकाने मान वळवली की फोटो वाया. म्हणून मी धाक घालायचो. पुढे रीळ गेलं, डिजिटल आला, पण धाक तसाच राहिला. माझ्या कॅमेऱ्याचं तोंड वळलं की माणूस असेल तिथे थिजतो. माझे एक मामेसासरे पोह्यांचा चमचा तोंडाशी नेलेल्या अवस्थेत इतके निश्चल राहिले होते की चमच्यातली शेव एकेक करून सदऱ्यावर पडत होती, आणि ते नुसते डोळ्यांनी तिच्याकडे बघत होते. तो फोटो सुंदर आला आहे.

या कामी सगळ्यात आज्ञाधारक म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडेच राहतात. आम्ही एकाच घरात राहतो, एकाच टीव्हीवरून भांडतो (म्हणजे मी आणि बायको भांडतो, त्या जावयाच्या बाजूने गप्प बसतात), पण लग्नाला अठ्ठावीस वर्षं होऊनही त्यांनी मला "जावईबापू" आणि "अहो" याखेरीज हाक मारलेली नाही. सकाळी पोह्यांची पहिली बशी माझी, वर भुरभुरायचा जीरावन मसालाही माझ्याच बशीवर जास्त. अशा बाईला मी "श्वास रोखा" म्हटल्यावर ती खरोखर रोखते. एकदा मी फोकस लावत बसलो आणि बायको ओरडली, "अहो, सोडा म्हणा तिला आता, निळी पडतेय!"

यंदा डिसेंबरच्या अखेरीस हीच आज्ञाधारकता माझ्या अंगाशी आली.

आमची मुलगी बंगळूरला असते. तिची मुलगी, म्हणजे आमची नात, आठ महिन्यांची. या संक्रांतीला तिचं पहिलं बोरनहाण. आता बोरनहाण म्हटलं की हलव्याचे दागिने आले: मुकुट, हार, वाळे, कंबरपट्टा. आणि सासूबाईंच्या माहेरापासूनचा शिरस्ता असा, की पहिल्या बोरनहाणाचा हलवा घरीच करायचा. विकतचा नाही. आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्याच परदेशीपुऱ्यात मिलच्या क्वार्टरमध्ये राहत असताना कोळशाच्या शेगडीवर त्यांनी तो केला. मुलांसाठी केला, भाच्यांसाठी केला, माझ्या मुलीसाठी केला. आणि हलवा करणं म्हणजे शिरा ढवळणं नव्हे. परातीत तीळ घ्यायचे, खाली अगदी मंद आच, वरून साखरेचा पाक थेंबाथेंबाने सोडायचा आणि बोटांनी तीळ सारखे फिरवत राहायचे. रोज दोन तास, असे चार-पाच दिवस. मग कधीतरी त्या तिळांवर साखरेचा काटा उभा राहतो. कधी राहतो? हे आजवर कोणाला सांगता आलेलं नाही. "कळतं," एवढंच सासूबाई सांगतात.

यंदा त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या सांध्याला सूज आहे. चमचा चिमटीत धरला की कळ जाते. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. त्यांनी डॉक्टरांना हो म्हटलं आणि घरी येऊन बायकोला म्हणाल्या, "यंदाचा शेवटचा. पुढे कोणी करायचं ते ठरवा."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

त्याच रविवारी मुलीचा फोन आला. "मला शिकायचाय. मी इथे करणार. आजीला प्रवास जमणार नाही आणि कुरियरने पाठवाल तर काटा झडून नुसते तीळ येतील. मम्मा, तू व्हिडिओ पाठव ना."

बायकोने दुसऱ्या दिवशी फोनवर व्हिडिओ काढून पाठवला. मुलीचं उत्तर आलं, "यात एक पांढरी परात आहे आणि धूर आहे. आजी कुठे तरी मागे बोलतेय. थेंब केवढा? आच केवढी? काटा कसा दिसतो? कुछ समझ में नहीं आ रहा."

इथे मी घसा साफ केला. तीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता.

"माझा कॅमेरा व्हिडिओ काढतो," मी म्हणालो.

"तो फोटोचा आहे ना?" बायको म्हणाली.

"दोन्ही करतो. आजकाल लग्नाचे व्हिडिओसुद्धा फोटोच्या कॅमेऱ्यावरच काढतात. फक्त लेन्स पाहिजे."

लेन्ससाठी मी राजवाड्याच्या मागच्या गल्लीत गेलो. तिथे माझा ओळखीचा कॅमेरावाला आहे. दुरुस्तीही करतो, जुनं नवं विकतोही. त्याला म्हणालो, तिळावरचा काटा दिसला पाहिजे. त्याने कपाटातून एक लांबट, जड लेन्स काढली, फुंकर मारली. "भिया, ये मॅक्रो है. मच्छर की मूँछ दिखा देगा. दो-चार दिन रख लो, जम जाए तो रखना, नहीं तो वापस." मग माझ्या कॅमेऱ्याकडे पाहून, जुन्या पेशंटकडे डॉक्टर पाहतात तसं, म्हणाला, "वीडियो तो करेगा ये, बस बारा मिनट में थक जाएगा. दोबारा चालू करना पड़ेगा. और भिया, फोकस हाथ से. अपने आप पे छोड़ा तो घर्र-घर्र करके ढूँढता ही रहेगा, जैसे अपन चश्मा ढूँढते हैं."

मी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला स्वयंपाकघरात तयारी झाली. हलव्याला कोरडी थंडी लागते, ती होतीच. सासूबाई स्टुलावर बसल्या. समोर ओट्यावर गॅस, त्यावर तवा, तव्यावर परात, बाजूला पाकाचं पातेलं. तीन दिवसांचं काम झालेलं होतं, तीळ पांढरे होऊन चांगले टपोरे दिसत होते. आज-उद्या काटा येणार असा त्यांचा अंदाज होता. मी ट्रायपॉड लावला, लेन्स परातीकडे वळवली, व्हिडिओ सुरू केला.

आणि सासूबाई थांबल्या.

पदर सारखा केला, पाठ ताठ केली, लेन्सकडे पाहिलं आणि चेहऱ्यावर तो विशिष्ट भाव आणला जो आमच्या अल्बमात पानोपानी आहे. हात परातीत तसाच.

"आई, फिरवा ना."

"काढलात?" ओठ न उघडता त्या म्हणाल्या.

"हा फोटो नाही, व्हिडिओ आहे. तुम्ही तुमचं काम करा."

"हो, हो." हात दोनदा फिरला. मी फोकस लावायला रिंग फिरवली. माझा हात लेन्सवर गेलेला त्यांना दिसला मात्र, आणि परत त्या थिजल्या. या वेळी पाकाचा चमचा हवेत होता. चमच्यातून एक थेंब पडला, दुसरा पडला, मग सगळा चमचाच त्या ताठ हाताने हळूहळू एका जागी ओतला.

"आई! आई, हात चालू ठेव!" बायको धावली.

"अगं, जावईबापू काढतायत ना," त्या म्हणाल्या.

तोपर्यंत परातीच्या मध्यभागी तिळांचा एक लाडू तयार झाला होता. तो फोडून, चोळून, तीळ मोकळे करता करता सकाळ गेली. एक दिवस मागे पडला. तो एक दिवस कोणाच्या अंगठ्याच्या जिवावर, हे बोलून दाखवायची गरज नव्हती. संध्याकाळी सासूबाई अंगठ्याला कोमट तेल चोळत बसल्या होत्या. मी समोरून गेलो तर त्यांनी वाटी पदराआड केली.

रात्रीच्या जेवणाला बायको म्हणाली, "अठ्ठावीस वर्षं तुम्ही आईला शिकवलंत की हे यंत्र दिसलं की दगड व्हायचं. आता एका सकाळीत कसं सुटणार ते?"

मी भात वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी डोकं लढवलं. कॅमेरा दूर नेला. त्या लेन्सचा फायदा हाच की लांब उभं राहूनही जवळचं दिसतं. फ्रिजच्या बाजूला ट्रायपॉड, वर बायकोची ओढणी, ओढणीतून फक्त लेन्स बाहेर. आणि मी सासूबाईंशी गप्पा मारत उभा, जणू चहाची वाट बघतोय. त्यांना क्वार्टरच्या दिवसांत नेलं. संक्रांतीच्या आधी सगळ्या चाळीत शेगड्या कशा पेटायच्या, कोणाच्या हलव्याला काटा आला हे बघायला बायका एकमेकींकडे कशा जायच्या. त्या रंगल्या. हात फिरत राहिला. चमचा अर्धा भरायचा, कडेला टेकवायचा, एक थेंब सोडायचा, बोटं लगेच त्यावरून गोल फिरायची. अंगठा दुखत होता, मधूनच त्या चमचा डाव्या हातात घेत होत्या, पण थांबत नव्हत्या. साधारण अर्ध्या तासाने त्या वाकल्या, डोळे बारीक केले, तरी नीट दिसलं नाही म्हणून दोन दाणे गालाला लावून पाहिले.

"आला," म्हणाल्या. "टोचतोय."

मी मनात उड्या मारल्या. ओढणी बाजूला केली, कार्ड काढलं, लगेच सगळं मुलीला पाठवलं, आणि फोनजवळ कौतुक ऐकायला बसलो.

फोन आला. "बाबा, हे काय आहे?"

"काय?"

"चमचा वर जातो. मग चित्र थांबतं. मग चमचा खाली आलेला असतो. प्रत्येक वेळी! थेंब पडतो तेव्हाच सगळं फ्रीज. मला तेवढंच तर बघायचं होतं."

मी लॅपटॉपवर लावून पाहिलं. खरं होतं. आणि कारण ओळखायला मला फारसा वेळ लागला नाही. आमचा हा कॅमेरा व्हिडिओ चालू असताना शटरचं बटण दाबलं तर इमानदारीने फोटो काढतो, आणि तेवढा क्षण व्हिडिओचं चित्र गोठवून ठेवतो. गप्पा मारताना, दर बारा मिनिटांनी परत चालू करायला म्हणून, माझा एक हात ओढणीखाली कॅमेऱ्यावर होता. आणि थेंब सुटायच्या बरोबर त्या क्षणी, दर वेळी, माझ्या बोटाने तीस वर्षांच्या सवयीने बटण दाबलं होतं. सतरा थेंब, सतरा फोटो. एकेक फोटो असा की बघत राहावा. हवेतला थेंब मोत्यासारखा, मागे सासूबाईंची बोटं.

"फोटो मस्त आहेत," मुलगी म्हणाली. तिला माझी दया आली असावी. "पण बाबा, फोटो बघून हात कसा फिरवणार?"

म्हणजे सासूबाईंची सवय मी मोडली आणि माझी तशीच राहिली.

संक्रांतीला आता फार दिवस उरले नव्हते. मुलीला तिकडे एका घाण्याला चार-पाच दिवस लागणार, म्हणजे तिने दोन-तीन दिवसांत सुरुवात करायलाच हवी होती. आणि सासूबाईंनी ताटातला घास उचलताना तर्जनी आणि मधल्या बोटात धरला, अंगठा बाजूला ठेवून. ते मी पाहिलं. बायकोनेही पाहिलं.

"उद्या आईला नाही बसवायचं," ती म्हणाली.

"मग?"

"तुम्ही बसा."

"मी?"

"तुमच्या दोन्ही हातांची बोटं पाकात असली म्हणजे बटणावर जाणार नाहीत."

सासूबाई लगेच मध्ये पडल्या. "छे गं, जावईबापूंना कुठे परातीशी बसवतेस! मी करीन की डाव्या हाताने." पण बायकोने ऐकलं नाही. ती त्यांचीच मुलगी आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुलावर. नवे तीळ, आणि शेजारी वाटीत सासूबाईंच्या घाण्यातले अजून काटा यायचे राहिलेले थोडे दाणे, शेवटचा भाग शिकायला. ट्रायपॉड ओट्याच्या बाजूला लावला, लेन्स परातीवर, फोकस हाताने पक्का केला. कॅमेऱ्याच्या मागे खुर्चीत सासूबाई. बटणाचं खातं बायकोकडे, बारा मिनिटं झाली की पुन्हा चालू करायला.

मी पहिला थेंब टाकला. बरा टाकला असं मला वाटलं.

शाबासकीच्या आशेने मी मान वळवली, तर सासूबाई कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनला नाक लावून बसल्या होत्या. चष्मा वर, चष्मा खाली.

"अगंबाई," त्या बायकोला म्हणाल्या. "हे तीळ आहेत? एवढे मोठे?"

"लेन्सने मोठे दिसतात, आई."

"कितीतरी वर्षांनी दिसतायत मला नीट." मग थोडं थांबून, "हा इकडचा बघ, याला पाक लागलाच नाहीये. अहो, जावईबापू, तो डावीकडचा. हां. त्याला घ्या."

मला तेव्हा कळलं की गेली काही वर्षं त्या काटा डोळ्यांनी बघतच नव्हत्या. गालाला लावून ओळखत होत्या. आणि आता माझ्या या मच्छरच्या मिशा दाखवणाऱ्या लेन्समधून त्यांना एकेक दाणा लिंबाएवढा दिसत होता. त्या खुर्चीच्या अगदी कडेला आल्या.

"थेंब मोठा झाला. अर्धा करा. अहो अर्धा! आता लगेच बोटं. गोल नाही, अशी दाबून, पसरून, हां. पाक सुकतोय बघा, कडेने पांढरा होतोय, दिसतंय का? तेव्हा दुसरा. आत्ता नाही. आत्ता नाही... आता!"

परात गरम होती. बोटांची टोकं चुरचुरत होती. मी फुंकर घालायला हात वर काढला.

"अरे, थांबू नकोस!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी परातीकडे पाहिलं, कारण हात आता परत परातीत होता आणि भराभर फिरत होता. सासूबाईंना काही म्हणजे काही जाणवलेलं नव्हतं. त्यांचं नाक स्क्रीनवरच.

"फिरव, फिरव. हळू, भांडी घासतोयस का? बोटांच्या पेरांनी. अरे, त्या कोपऱ्यात गोळा होतोय, फोड तो. काय रे तू! एवढा मोठा ऑफिसर झालास आणि चार तीळ सांभाळता येत नाहीत?"

"आई, कॅमेरा बंद पडला," बायको हसू दाबत म्हणाली.

"मग लाव की! थांबलीस कशाला?"

अशी आम्ही दोन तासांत दहा वेळा बारा-बारा मिनिटं काढली. माझ्या दाण्यांचं फारसं काही झालं नाही, ते चार दिवसांनी व्हायचं होतं. पण सासूबाईंच्या वाटीतले दाणे शेवटी घातले, आणि त्यांच्या हुकमावर थेंब-थेंब सोडत गेलो, तेव्हा स्क्रीनवर काय दिसलं ते मला नंतर बघायला मिळालं. गुळगुळीत दाण्यावर आधी पुरळ आल्यासारखं होतं, मग तेच टोकदार होत जातं, आणि मागून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज येतो, "बघ, बघ, उठतोय. आता पाक देऊ नकोस रे, मरेल तो. नुसता फिरव."

मुलीला मी सगळं न कापता पाठवलं. तिचा निरोप आला, "हे बरोबर आहे. तुम्ही जे जे चुकता तेच मी पण चुकणार होते." पुढे एक हसणारा चेहरा आणि, "आजी तुम्हाला अरे म्हणाली???"

तिने तिकडे ओट्यावर लॅपटॉप ठेवून तो व्हिडिओ चालू ठेवला आणि स्वतः परातीशी बसली. तिचा पहिला घाणा गुळगुळीत गोट्या झाला. दुसऱ्याचा लाडू झाला. त्यावर आमचे जावई म्हणाले की लाडूही छान लागतोय, आणि तिने त्यांना स्वयंपाकघरातून हाकललं. तिसऱ्या घाण्याला, संक्रांतीच्या तोंडावर, तिने एक फोटो पाठवला. तळहातावर चार दाणे.

मी फोन सासूबाईंना दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, मी दोन बोटांनी चित्र मोठं करून दिलं. त्या एकेक दाणा बघत गेल्या.

"आहे," म्हणाल्या. "काटा आहे. बारीक आहे, पण आहे." मग फोन माझ्याकडे देत, "हा फोटो चांगला आलाय, जावईबापू."

"मी नाही काढलेला."

"तेच म्हणतेय."

त्या परत 'जावईबापू'वर आल्या होत्या. पोह्यांची पहिली बशी परत माझी. पण अंगठ्याला तेल लावताना वाटी आता पदराआड जात नाही, आणि लावायचं काम बायको आणि मी आलटूनपालटून करतो.

बोरनहाणाच्या दिवशी संध्याकाळी मुलीने व्हिडिओ कॉल लावला. नात पाटावर, काळं झबलं, डोक्यावर जरा तिरका झालेला हलव्याचा मुकुट, गळ्यात बारकासा हार. कंबरपट्टा काही जमला नव्हता, त्याऐवजी नुसती एक माळ होती. मागे तिच्या सासरचे सगळे उभे. दृश्य इतकं छान जमलं होतं की माझ्या तोंडून निघालंच, "सगळ्यांनी श्वास—"

"कोणी रोखू नका," शेजारून सासूबाई म्हणाल्या. "होऊ द्या."

आणि झालं. बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, सगळं एकदम नातीवर पडलं. फोन इकडे-तिकडे झाला, कोणाचा तरी कोपर दिसला, मग छत, मग परत नात. ती भोकाड पसरेल असं वाटलं होतं, पण तिने मुकुटातून निसटलेला एक दाणा पकडला आणि थेट तोंडात घातला. मुलीने लगेच बोट घालून तो बाहेर काढला.

सासूबाईंनी फोन माझ्या नाकापुढे धरला.

"बघ रे, तुला जवळचं दिसतं. टोचला नाही ना तिला?"

मी बघितलं. नात जीभ बाहेर काढून तो दाणा परत मागत होती.